आण्णांचे होल्स्टर, बहुधा

मी, श्रीमती शशिकला यशवंतराव सरनोबत, वय पासष्ट, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, आज घटस्थापनेच्या सकाळी माझ्या स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहायला घेत आहे. माझी प्रकृती वयाच्या मानाने बरी आहे. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आहे, उजव्यातला बाकी आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून फसवलेले नाही. माझे मन शाबूत आहे. ते गोंधळलेले आहे, हे मात्र मी लपवत नाही.

या शेवटच्या वाक्याला आमचे वकील श्री. रुद्राप्पा पट्टणशेट्टी यांनी हरकत घेतली. ते माझ्या यजमानांचे शाळासोबती, म्हणून मला वहिनी म्हणतात. "वहिनी, मृत्युपत्रात गोंधळ कबूल करू नये. उद्या कुणीतरी कोर्टात उभा राहून म्हणेल, बाई शुद्धीवर नव्हत्या." मी म्हणाले, गोंधळ फक्त दोन वस्तूंबाबत आहे, बाकी सगळे लख्ख आठवते. ते म्हणाले, "मग त्या दोन वस्तू शेवटी घ्या, आणि निदान सुरुवात तरी शहाण्यासारखी करा." त्याप्रमाणे करत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. कसबा बावड्यातले माझे राहते घर, परसातल्या नारळांसह, माझी एकुलती एक मुलगी सौ. ऊर्मिला हिला द्यावे. हे घर यजमानांनी साखर कारखान्यात केमिस्ट असताना बांधले. ऊस गाळपाला आला की मळीचा वास घरभर असतो, म्हणून ऊर्मिला नाशिकहून हिवाळ्यात यायचे टाळते. मला तो वास आवडतो. यजमान घरी आले की त्यांच्या शर्टाला तोच यायचा. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. पण पूर्वेकडची खोली रिकामी करण्याआधी तिने कलम चार सावकाश वाचावे. जावईबापूंनीही वाचावे. त्यांनी एकदा पाहुण्यांना ती खोली "आईंचं शस्त्रागार" म्हणून दाखवली होती. त्या खोलीत शस्त्र एकही नाही आणि कधी नव्हते.

कलम २. बँकेतल्या ठेवी, बांगड्या आणि मोहनमाळ ऊर्मिलेची. मोहनमाळेचा फासा सैल आहे, घालण्याआधी सोनाराला दाखवावा. मी तीन वर्षे दाखवते दाखवते म्हणते आहे.

कलम ३. श्रीमती चिमणाबाई, ज्या माझ्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत या घरी घरकामाला आल्या आणि पुढे येथेच राहिल्या, त्यांना मागची खोली त्यांच्या हयातीपर्यंत वापरायला राहील. घर विकले तर ऊर्मिलेने त्यांची सोय आपल्याजवळ किंवा त्यांच्या मर्जीच्या ठिकाणी करावी. टीव्ही, गॅसची शेगडी आणि पितळेचा बंब त्यांचा. बंब आता कोणी वापरत नाही, पण त्या तो दर दिवाळीला चिंचेने घासतात. एका खंडेनवमीला त्यांनी जे केले त्याबद्दल मी त्यांच्यावर रागावले आहे असे त्यांना वाटते. मी रागावलेली नाही. काय झाले ते पुढे कलम सहामध्ये येईल.

कलम ४. पूर्वेकडच्या खोलीतल्या लाकडी कपाटात जुनी लष्करी होल्स्टर आहेत. होल्स्टर म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कमरेला लावायचे चामड्याचे पाकीट. आतले पिस्तूल कोणाकडेच नसते. ते सरकारजमा झालेले असते, किंवा हरवलेले, किंवा कोणत्या देशात राहिले ते सांगणारा माणूस गेलेला असतो. पाकीट तेवढे घरात खुंटीला उरते. ती मी जमवली.

का जमवली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. कसे सुरू झाले ते सांगते.

माझे वडील कॅप्टन गुंडोजीराव इंगवले. आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू. ते लढाईत ब्रह्मदेशात होते आणि मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये वसतिगृहात होते. लढाई संपल्यावर ते मला भेटायला गणवेशात आले. सिस्टर बेनेडिक्टांनी मला हात धरून भेटीच्या खोलीत नेले आणि म्हणाल्या, हे तुझे वडील. मला ते आठवत नव्हते. मी पुढे होऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली, कारण माझी उंची तेवढीच होती, आणि माझा गाल त्यांच्या होल्स्टरवर टेकला. ते उन्हाने तापलेले होते. चामड्याचा, तेलाचा आणि घामाचा वास आला. आण्णांचा चेहरा मी नंतर पाहिला. आजही आण्णा म्हटले की मला आधी तो वास येतो, मग चेहरा.

१९९१ च्या उन्हाळ्यात आण्णा गेले. रिव्हॉल्व्हरचा परवाना माणसाबरोबर संपतो, म्हणून ते पोलीस ठाण्यात जमा करायचे होते. ते काम माझा धाकटा भाऊ दौलतराव याच्याकडे आले. होल्स्टर तेव्हा माझ्याकडे होते, कारण त्याची पट्ट्याकडची शिवण उसवली होती आणि आण्णांनीच ते मला शिवायला दिले होते. दौलत मागायला आला. मी म्हणाले, "रिव्हॉल्व्हर ने, हे नेऊ नकोस. एकदा ठाण्यात गेलं की परत यायचं नाही." तो म्हणाला, "मग उघडं नेऊ काय?" मी म्हणाले, "कशाततरी गुंडाळ."

त्याने ते टॉवेलात गुंडाळले. ठाण्यातल्या शिपायाने ते पुडके पाहिले आणि सगळ्यांसमोर विचारले, "काय पावणं, भाकरी आणलीया?" सगळे हसले. दौलत परत आला तो थेट माझ्या दारात. आत आलाच नाही. म्हणाला, "आण्णांचं रिव्हॉल्व्हर मी भाकरीगत घेऊन गेलो. तुझ्यामुळं." आणि गेला.

ते रिव्हॉल्व्हर परत मिळाले नाही, म्हणजे माझे म्हणणे बरोबर होते. पण तो टॉवेल माझ्यामुळेच, हेही खरे. बारा वर्षे झाली, दौलत माझ्या घरी आलेला नाही. त्याची फाउंड्री शिरोली एमआयडीसीत आहे, नदीच्या पलीकडे. लग्नकार्यात समोर आलो तर तो शेजारच्या माणसाला म्हणतो, "तिला सांगा, जेवून घे म्हणावं." माणूस सांगतो. मी जेवते.

दुसरे होल्स्टर मी रविवारच्या जुन्या बाजारात पाहिले. एक जण त्यात पाने-पक्कड ठेवून विकत बसला होता. मला ते तिथे बघवले नाही. मग तिसरे, मग चौथे. माजी सैनिकांच्या कॅन्टीनच्या रांगेत ओळखी झाल्या. "एक बाई रिकामी पाकिटं घेती," असे लोक सांगू लागले. कोणी हसत आणून द्यायचे, कोणी डोळे पुसत. माझ्याकडे घोडदळाचे लांब आहे, खोगिराला अडकवायचे. आफ्रिकेच्या आघाडीवरून आलेले एक जर्मन आहे, डब्यासारखे कडक. एक जपानी आहे, शिंपल्यासारखे उघडते. कोल्हापूर संस्थानाच्या वेळचे एक आहे. कापडी मी घेत नाही. कापड माणसाला धरून ठेवत नाही.

जो कोणी ती सांभाळेल त्याच्यासाठी सूचना. प्लॅस्टिकमध्ये कधी ठेवू नयेत, बुरशी येते. तेलात भिजवू नयेत. चपलांना चालते, यांना चालत नाही, आतले कारखान्याचे शिक्के पुसले जातात. आत वर्तमानपत्राचा बोळा सैल भरावा, म्हणजे आकार राहतो. पितळी गुंडीभोवती हिरवे साचते ते काडीने काढावे, चाकूने नाही. पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्यावा. प्रत्येकाला सुती पिशवी आहे आणि पिशवीवर ज्या घरातून आले त्या घराचे नाव मी टाक्यांनी घातले आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा आमच्या प्रत्येक कपड्यावर असेच नाव घालायला लावत, म्हणजे धुण्यात कोणाचे कोणाला जाणार नाही. माझी आरी, जाड सुया आणि मेणाचा दोरा कपाटाच्या खालच्या खणात आहे. ती हत्यारे होल्स्टरबरोबर जावीत.

कलम ५. वरीलपैकी जपानी होल्स्टर डॉ. सोमेश्वर हावळ यांना. ते माझा रक्तदाब बघायला येतात आणि दर वेळी ते उघडून मिटून बघतात. बाकीची, पिशवीवर ज्या घराचे नाव आहे त्या घराने मागितली तर त्या घराला विनातक्रार परत करावीत. कोणी मागितली नाहीत ती ऊर्मिलेकडे राहावीत. पुण्याहून एक संग्राहक गृहस्थ दोनदा येऊन गेले. त्यांनी माझी होल्स्टर उलटसुलट केली आणि म्हणाले, "बाई, कुंकू लावून तुम्ही यांची किंमत घालवलीत." त्यांना एकही देऊ नये, मागितले तरी आणि विनंती केली तरी. चहा द्यावा.

कलम ६. आता त्या दोन वस्तू.

आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते. आण्णा त्यांचे रिव्हॉल्व्हर होल्स्टरसकट पाटावर ठेवत आणि झाकणावर, गुंडीच्या थोडे वर, अंगठ्याने कुंकू लावत. वर्षानुवर्षे त्याच जागी. ते कुंकू चामड्यात मुरून काळसर झाले होते. आण्णा गेल्यावर मी रिकामे होल्स्टर पाटावर ठेवले. पुढे बाकीचीही शेजारी मांडू लागले, पण कुंकू फक्त आण्णांच्या होल्स्टरला, कारण बाकीची दुसऱ्यांची होती.

१९९६ च्या सुमाराला मी मलकापूरला श्रीमती बाळाबाई खोत यांच्याकडे गेले. त्यांचे यजमान सुभेदार आकाराम खोत लढाईत होते. त्यांच्या खुंटीला लटकलेले होल्स्टर मी काढून हातात घेतले. ते हुबेहूब आण्णांचे होते. तोच नमुना, आत तोच कानपूरचा शिक्का, साल १९४३, आणि पट्ट्याकडची शिवण त्याच जागी उसवलेली. मी विकत मागितले. बाळाबाई म्हणाल्या, "इकायचं न्हाय बाई. मालकांचं हाय. पर हितं पावसात बुरशी खाती बघा. तुमच्या कोरड्या घरात ऱ्हाऊ दे. माझी नात मोठी झाली की माघारी नेतो." मी विचारले, कागद करूया का? त्या म्हणाल्या, "कागद कशाला? तोंड हाय की."

मी ते आणले, आण्णांच्यासारखेच शिवले, खोतांच्या नावाची पिशवी केली. त्या खंडेनवमीला मी देवीच्या दर्शनाला गेले असताना चिमणाबाईंनी पाटावरच्या सगळ्या होल्स्टरना कुंकू लावून टाकले. मी आल्यावर जरा मोठ्याने बोलले. त्या म्हणाल्या, "एकालाच लावायचं आन बाकीच्यांनी काय पाप केलंय? देवाम्होरं पाटावर बसवल्यात न्हवं? मग सगळी सारखीच की." पुढे दर वर्षी सगळ्यांनाच कुंकू लागू लागले. चिमणाबाईंचा हात सढळ आहे, बोटाला तेलही असते. दोन-चार वर्षांत बाळाबाईंच्या होल्स्टरवरही तसाच काळसर डाग पडला, त्याच जागी.

तरी पिशव्या होत्या. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मी होल्स्टर सावलीत मांडली आणि दुपारी जरा पडले. चिमणाबाईंनी पिशव्या धुवायला घेतल्या. वाळवल्या, घड्या केल्या, आणि मदत म्हणून होल्स्टर पिशव्यांत भरूनही ठेवली. जर्मन होल्स्टर घोडदळाच्या लांब होल्स्टरच्या पिशवीत होते, ते मला लगेच कळले. बाकीची मी एकेक ओळखून लावली. शेवटी दोन होल्स्टर आणि दोन पिशव्या उरल्या. एकीवर इंगवले, एकीवर खोत. मी तिथे जमिनीवर बसून राहिले. चिमणाबाई म्हणाल्या, "बाईसाब, तुम्ही एवढी शिकल्याली, तुमाला तुमच्या बाचं वळखंना व्हय?" त्यांनी ते खोचकपणे म्हटले नाही. त्यांना खरेच नवल वाटले.

मी दोन्ही गालाला लावून पाहिली. दोन्हींना सारखाच वास येतो, बहुतेक माझ्या कपाटाचा.

यंदा श्रावणात बाळाबाई नातीला घेऊन आल्या. नात कु. वर्षाराणी पोलीस भरतीत निवडली गेली आहे. उंच आणि गप्प मुलगी आहे, पायात पळायचे बूट. बाळाबाई म्हणाल्या, "आता हिच्या कमरंला सरकारी यील तवा यील. पर घरातनं भायेर पडताना आज्याच्या पाया पडाय पायजे का नको?" मी दोन्ही होल्स्टर त्यांच्यासमोर ठेवली आणि काय झाले ते सांगितले. वाटले, रागावतील. त्यांनी एक उचलले, आत बोट घातले आणि म्हणाल्या, "ह्यो. मालक ह्यात वस्तरा ठिवायचं. हितं आतनं चिरलंय. बोट घाला." मी घातले, चीर लागली. मग दुसऱ्यात घातले. तिथेही काहीतरी लागल्यासारखे वाटले, पण शोधायला लागले की बोटाला काहीही लागते. त्यांनी निवडलेल्याच्या पट्ट्याला मी पांढरा दोरा बांधला. त्या म्हणाल्या, "दसरा होऊ द्या. इतकी वर्सं तुमच्या देवाम्होरं बसलाय, यंदाचं कुकू लावून घीऊ द्या. मग येऊन नेतो."

मला केवढे हलके वाटले. एक ओळखले गेले म्हणजे दुसरे आपोआप आण्णांचे. म्हणून या कलमात मी असे लिहिले होते:

"दोरा बांधलेले होल्स्टर कु. वर्षाराणी खोत हिला. बिनदोऱ्याचे, जे आण्णांचे आहे, बहुधा, ते माझा भाऊ दौलतराव गुंडोजीराव इंगवले यास, त्याने बारा वर्षांपूर्वी मागितले होते म्हणून."

वकिलांनी 'बहुधा' खाली पेन्सिलीने रेघ मारली. "वहिनी, मृत्युपत्रात बहुधा चालत नाही. बहुधा घर, बहुधा शेत, असं कोण लिहितं?" मी म्हणाले, मग खोटे लिहू का? ते म्हणाले, "खात्री करून घ्या. तुमच्या भावाला विचारा." मी म्हणाले, तो येणार नाही. ते म्हणाले, "मी सांगतो त्याला."

पुढचा मजकूर आज खंडेनवमीला, त्याच कलमात लिहीत आहे. वकील समोर बसले आहेत, त्यांनी मोकळेपणी लिहा म्हणून सांगितले आहे.

दौलत सकाळी आला. मी दारातच उभी होते. माझ्या खांद्यावरून त्याने आत चिमणाबाईंना विचारले, "आक्का हाय का घरात?" चिमणाबाई म्हणाल्या, "व्हय, तुमच्या म्होरंच उभी हाय. वळखाय येत न्हाय व्हय?" तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले. केस सगळे पांढरे झाले आहेत. लग्नकार्यात लांबून तेवढे दिसत नव्हते.

पाटावर दोन्ही होल्स्टर मांडली होती, दोरा खाली दुमडलेला. मी म्हणाले, "दौलत, यातलं आण्णांचं कुठलं?" तो पाटासमोर मांडी घालून बसला. एक उचलले, डोळे मिटले आणि अगदी टोकाशी बोट घातले. मग म्हणाला, "हे. आण्णा झोपले की मी ह्यात गोटी टाकायचो. आत टोकाला जाऊन बसायची, निघायची न्हाय. आण्णा काडीनं काढायचे आणि मला शिव्या द्यायचे. तिथं खड्डा पडलाय. अजून हाय की."

त्याच्या हातातून पांढरा दोरा लोंबत होता.

"दुसरं पण एकदा बघ," मी म्हणाले.

"बघायचं काय त्यात? माणूस आपल्या बापाचं वळखत न्हाय व्हय?" मग त्याला दोरा दिसला. "हे काय बांधलंयस?"

मी सांगितले. बाळाबाई, वस्तरा, चीर, सगळे. तो ऐकत होता आणि होल्स्टर मांडीवर होते.

"म्हणजे म्हातारी खोटं बोलती?"

"नाही."

"मग मी खोटं बोलतोय?"

"नाही."

"मग आक्का, आण्णांचं कुठलं?"

"मला कळत नाही, दौलत. मी रोज हाताळते आणि मलाच कळत नाही. तुम्हा दोघांना कळतं, आणि तेही एकच."

चिमणाबाईंनी चहा आणून ठेवला. वकील वर्तमानपत्र वाचत असल्याचे दाखवत होते. दौलतने चहा बशीत ओतून प्यायला, लहानपणी प्यायचा तसाच. मग विचारले, "ती पोरगी खरंच पोलिसात लागली?"

"लागली."

"ठाण्यात बसणार?"

"बसेल कधीतरी."

तो होल्स्टरची गुंडी लावत आणि काढत बसला. म्हणाला, "मग तिला एक सांग. कोण टॉवेलात काय घेऊन आला, तर हसू नको म्हणावं." हे तो इतक्या हळू म्हणाला, की मला हसावे की रडावे कळेना. वकिलांनी वर्तमानपत्र उलटे धरले होते.

नंतर सह्यांची वेळ झाली. मी सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत. एक डॉ. हावळ आले होते. दुसरे शेजारचे गृहस्थ दसऱ्याला गावी निघून गेलेले. वकील म्हणाले, कोणालातरी बोलावून आणतो. दौलत म्हणाला, "मी करतो की सही."

"तुम्हाला नाही करता येणार," वकील म्हणाले. "तुमच्या नावावर होल्स्टर ठेवलंय. ज्याला काही मिळायचं आहे त्यानं साक्षीदार होऊ नये. कायद्याचं राहू दे, पण उद्या कोणी बोट दाखवायला नको."

"मग माझं नाव काढा तिथनं."

मी म्हणाले, "दौलत, विचार कर."

तो म्हणाला, "बारा वर्षं तेच केलं न्हवं?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी पेन उघडले. या कलमातले "बिनदोऱ्याचे" पासून "मागितले होते म्हणून" पर्यंतचे वाक्य मी खोडले आहे आणि समासात सही केली आहे. 'बहुधा' हा शब्द त्यातच गेला.

मी दोऱ्याचे होल्स्टर बाजूला ठेवत म्हणाले, बाळाबाई दसऱ्यानंतर येऊन नेतील. दौलत म्हणाला, "म्हातारीला एवढ्या लांबनं एस्टीनं कशाला बोलावतीस? उद्या सोनं द्यायला बाहेर पडणारच हाय. मलकापूरला जाऊन पोरीच्या हातात देतो." तो उठला आणि हात पुढे केला. "पिशवी दे त्याची. टॉवेलात नेणार न्हाय."

मी कपाट उघडले. खोतांच्या नावाची पिशवी दिली. त्याने होल्स्टर तीत घातले, नाडी ओढली, गाठ मारली. मग गाठीत अडकलेला पांढरा दोरा त्याच्या लक्षात आला. तो त्याने तसाच राहू दिला.

तरी कलम सहा आता असे वाचावे. दोऱ्याचे होल्स्टर माझ्या हयातीतच कु. वर्षाराणी खोत हिच्याकडे जात आहे. माझ्यानंतर ऊर्मिलेने किंवा कोणीही त्याबद्दल तिला काही विचारू नये.

कलम ७. बिनदोऱ्याचे होल्स्टर, जे कोणीच आपले म्हणून उचललेले नाही, ते याच घरी किंवा ऊर्मिला जिथे असेल तिथे राहावे. खंडेनवमीला ते पाटावर ठेवावे आणि कुंकू चिमणाबाईंनी, त्यांच्यानंतर ऊर्मिलेने लावावे. त्या दिवशी साक्षीदार क्रमांक एक यांना निरोप पाठवावा. वकील म्हणतात, मृत्युपत्राच्या साक्षीदाराला बोलावले की त्याला यावेच लागते. ते कोर्टाबद्दल बोलत होते. मी घराबद्दल लिहीत आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. रुद्राप्पा पट्टणशेट्टी यांनी करावी. त्यांनी माझी वाक्ये जास्त दुरुस्त केली नाहीत, याबद्दल त्यांची आभारी आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, आज मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. एका वस्तूबद्दल मला अजूनही समजलेले नाही. ते न समजलेलेही मी माझ्या मालमत्तेत धरते.

(सही) शशिकला य. सरनोबत

आमच्यासमोर श्रीमती सरनोबत यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

साक्षीदार १: दौलतराव गुंडोजीराव इंगवले, वय ६१, धंदा फाउंड्री, राहणार शिरोली. लिहून देणारीचा सख्खा भाऊ. या मृत्युपत्रान्वये मला काही मिळालेले नाही. बोलावल्यास येईन.

साक्षीदार २: डॉ. सोमेश्वर हावळ, कोल्हापूर. बाईंची तब्येत आज तपासली, शुद्धीवर आहेत. रक्तदाब थोडा जास्त. कलम पाचमधले जपानी होल्स्टर मला नको, ऊर्मिलाताईंकडेच राहावे. (कलम पाचमधली ती वाक्ये खोडली. श. य. स.)

स्थळ: कसबा बावडा, कोल्हापूर
आश्विन शुद्ध नवमी, शके १९२५
दिनांक ४ ऑक्टोबर २००३